मन मोकळे करण्याची जागा

(इंडोनेशियातील धार्मिक निवासी शाळांत हजारो मुले घरापासून दूर राहून शिकतात. या मुलांच्या मनाची काळजी तेथे कशी घेतली जाते, नमाज, जिक्र व दुआ यांचा त्यात कसा उपयोग होतो आणि उस्तादांनी मुलांचे ऐकून घेणे किती महत्त्वाचे असते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

घर सोडून दूरच्या शाळेत राहायला जाणे सोपे नसते. दिवस कसाबसा जातो. अभ्यास असतो, खेळ असतो, सोबती असतात. पण रात्री दिवे मालवले, की घराची आठवण येते. आईची हाक कानांत घुमू लागते. घशात हुंदका दाटतो. शेजारच्या मुलाला तो ऐकू जाऊ नये म्हणून डोक्यावरून चादर ओढून घ्यावी लागते. अशा वेळी त्या मुलाने कोणाकडे जावे? आपले मन कोणापाशी मोकळे करावे?

इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश आहे. जगात सर्वांत जास्त मुसलमान राहतात अशा देशांपैकी तो एक आहे. तेथील धार्मिक निवासी शाळेला 'पेसांत्रेन' म्हणतात. पेसांत्रेनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'सांत्री' असे म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते 'सांत्री' हा शब्द संस्कृतमधील 'शास्त्री' या शब्दावरून आला असावा. शिक्षकाला इंडोनेशियन भाषेतही 'गुरू' म्हणतात आणि वसतिगृहाला 'आस्रामा'. आपल्या 'आश्रम' या शब्दाचेच हे रूप आहे. पेसांत्रेनच्या प्रमुखांना जावा बेटावर 'कियाई' म्हणतात. मुलींकडे बहुधा त्यांच्या पत्नी लक्ष देतात. त्यांना 'न्याई' म्हणतात.

या शाळांची परंपरा जुनी आहे. पूर्व जावातील जोंबांग येथे हाशिम अशअरी यांनी १८९९ साली तेबुइरेंग हे पेसांत्रेन सुरू केले. पूर्व जावातच गोंतोर नावाचे एक खेडे आहे. तेथे १९२६ साली अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी नव्या पद्धतीचे पेसांत्रेन उघडले. या तिघांना तेथे 'त्रिमूर्ती' म्हणतात! त्यांनी चार संस्थांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवला होता. त्यांपैकी दोन संस्था आफ्रिकेतल्या आणि दोन भारतातल्या. भारतातल्या दोन म्हणजे अलीगढ आणि शांतिनिकेतन. पश्चिम सुमात्रात रहमा अल-युनूसिया या बाईंनी १९२३ साली मुलींसाठी धार्मिक शाळा सुरू केली. आज इंडोनेशियात अशी हजारो पेसांत्रेन आहेत.

पेसांत्रेनमधील दिवस पहाटेच्या अंधारातच सुरू होतो. मुले उठतात, वुजू करतात. काही जण तहज्जुदही पढतात. फजरच्या नमाजीनंतर कुरआनचे पठण होते. मग शाळा, दुपारचे जेवण, खेळ, मगरिब, पुन्हा धडे आणि ईशानंतर अभ्यास. कपडे धुणे, खोली झाडणे ही कामे मुलेच करतात. बऱ्याच ठिकाणी मुलांना स्वतःजवळ मोबाइल ठेवता येत नाही. आईवडील ठरावीक दिवशीच भेटायला येतात.

अशा जीवनात सुरुवातीला पुष्कळ मुलांना करमत नाही. जावाच्या भाषेत करमण्याला 'करासान' असा खास शब्द आहे. नवा सांत्री भेटला, की जुनी मुले त्याला हाच प्रश्न विचारतात. करमते का, या साध्या प्रश्नातूनच मनाच्या काळजीला सुरुवात होते.

पेसांत्रेनमध्ये शिकवण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एका पद्धतीत उस्ताद किताब वाचतात व सर्व मुले भोवती बसून ऐकतात. दुसऱ्या पद्धतीला 'सोरोगान' म्हणतात. यात प्रत्येक मूल आपली किताब घेऊन एकेकटे उस्तादांसमोर बसते आणि वाचून दाखवते. उस्ताद त्याच्या चुका दुरुस्त करतात. ही पद्धत वाचन सुधारण्यासाठी आहे, हे खरेच. पण तिचा आणखी एक फायदा होतो. जे उस्ताद एका मुलाचा आवाज रोज जवळून ऐकतात, त्यांना त्या आवाजातील बदलही चटकन कळतो.

अशी एक संध्याकाळ आपण डोळ्यांसमोर आणू या. बारा वर्षांचा एक सांत्री सोरोगानसाठी बसला आहे. तो दूरच्या बेटावरून आला आहे. त्याला येऊन जेमतेम महिना झाला आहे. आज तो वाचताना सारखा अडखळतो आहे. उस्ताद किताब हळूच मिटतात आणि विचारतात,

"बाळ, आज बरं वाटत नाही का?"

"तसं काही नाही, उस्ताद."

"जेवलास का?"

मुलगा मान खाली घालतो. उस्ताद घाई करत नाहीत. बाकीच्या मुलांचे वाचन आटोपते. मग ते त्याला मशिदीच्या ओट्यावर घेऊन बसतात. तेथे ते सगळ्यांना दिसतात, पण त्यांचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. थोड्या वेळाने मुलगा स्वतःच बोलू लागतो.

"उस्ताद, इथं सगळ्यांना करमतं. मलाच करमत नाही. मी रोज रात्री रडतो. माझं ईमान कमकुवत आहे का?"

"हजरत याकूब यांची गोष्ट तुला ठाऊक आहे ना? मुलाच्या विरहात ते इतके रडले, की त्यांची दृष्टी गेली. त्यांचं ईमान कमकुवत होतं, असं कोणी म्हणेल का?"

"नाही."

"आपलं दुःख त्यांनी अल्लाहला सांगितलं. रडूही दिलं आणि आशाही सोडली नाही. सब्र म्हणजे न रडणं नव्हे, बाळ. आता मला सांग, फक्त घरचीच आठवण येते, की आणखी काही आहे?"

मुलगा बराच वेळ गप्प राहतो. मग हळू आवाजात सांगतो, "खोलीतली दोन मोठी मुलं मला त्यांचे कपडे धुवायला लावतात. नाही म्हटलं, तर माझं ताट ओढून घेतात. कोणाला सांगितलंस तर बघ, असंही म्हणतात."

"तू सांगितलंस, हे फार चांगलं केलंस. हे सोसणं म्हणजे सब्र नव्हे. हे थांबवणं माझं काम आहे. तुझं बोलणं मी मुलांत पसरू देणार नाही. पण मोठ्या उस्तादांना मला हे सांगावं लागेल. सांगण्यापूर्वी तुला कळवीन. चालेल?"

मुलगा मान हलवतो. दोघे वुजू करतात. दोन रकात नमाज पढतात. उस्ताद त्याला झोपण्यापूर्वी शांतपणे म्हणायचा एक छोटा जिक्र शिकवतात. दुसऱ्या दिवशी त्याची खोली बदलली जाते. नव्या खोलीत त्याच्याच बेटावरचा एक मुलगा असतो. त्या दोन मोठ्या मुलांना कियाई स्वतः बोलावून घेतात. आठवड्याने उस्ताद पुन्हा त्याच ओट्यावर बसून विचारतात, "आता कसं आहे?"

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण चांगले समुपदेशन कसे असते ते त्यातून समजते. समुपदेशन म्हणजे अडचणीत सापडलेल्या माणसाचे ऐकून घेणे, त्याला आपली अडचण नीट ओळखायला मदत करणे आणि तिच्यातून वाट काढताना त्याच्याबरोबर राहणे. या उस्तादांनी उपदेशाने सुरुवात केली नाही. 'सब्र कर' असे म्हणून मुलाला परत पाठवले नाही. आधी त्यांनी ऐकले. मुलाच्या ओळखीच्या गोष्टीतून त्याची भीती दूर केली. त्याला नमाज व जिक्र यांचा आधार दिला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच्यावर होणारा अन्याय त्यांनी दूर केला. समजा, त्यांनी केवळ जिक्र शिकवला असता आणि मुलाला त्याच खोलीत परत पाठवले असते, तर काय झाले असते? तो मुलगा पुन्हा कधीच कोणाला काही सांगण्यास धजला नसता. कदाचित ज्या जिक्राने त्याला शांती मिळायची, त्याच्यावरचाही त्याचा विश्वास उडाला असता.

ही दृष्टी आजची नाही. हाशिम अशअरी यांनी शिक्षक व विद्यार्थी यांच्या शिष्टाचारांवर अरबीत एक किताब लिहिली आहे. एखादा विद्यार्थी नेहमीपेक्षा जास्त दिवस दिसला नाही, तर शिक्षकाने त्याची चौकशी करावी, तो आजारी असल्यास त्याला भेटायला जावे, अशी शिकवण या परंपरेत पूर्वीपासून आहे. विद्यार्थी आपल्याकडे येण्याची वाट न पाहता शिक्षकाने त्याच्याकडे जावे, हा त्यातला भाव होय.

पेसांत्रेनमध्ये इमाम गझाली यांचे ग्रंथ मोठ्या आदराने वाचले जातात. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी आपल्या 'इह्या' या ग्रंथात गुरूची तुलना हकिमाशी केली आहे. एकच औषध सर्व रोग्यांना देणारा हकीम पुष्कळांचा जीव घेईल. त्याचप्रमाणे सर्व शिष्यांना एकच उपाय सांगणारा गुरू त्यांच्या मनाचे नुकसान करील. म्हणून शिष्याचे वय, स्वभाव व शक्ती पाहूनच उपाय सांगावा, असे ते म्हणतात. गझालींनी मनाचे दुखणे स्वतः भोगले होते. ते बगदादच्या प्रसिद्ध मदरशात शिकवत होते. १०९५ साली त्यांच्या मनात मोठी खळबळ माजली. त्यांची वाचाच बसली. अन्न घशाखाली उतरेना. हकिमांनी सांगितले, की दुखणे शरीराचे नसून मनाचे आहे. एवढ्या मोठ्या विद्वानावरही अशी वेळ आली, मग ती लहान मुलावर आली तर त्यात लाज कसली?

गझालींच्याही आधी, नवव्या-दहाव्या शतकात, बल्ख प्रांतात अबू झैद अल-बल्खी नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन या दोघांच्याही आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि सतत छळणारे वाईट विचार ही मनाची दुखणी आहेत, असे त्यांनी सांगितले. आपण आजारी नसतानाही घरात थोडी औषधे ठेवतो. त्याचप्रमाणे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे ते अडचणीच्या वेळी कामी येतात, असा त्यांचा सल्ला होता. रोजची नमाज, जिक्र आणि दुआ यांचे महत्त्व यावरून लक्षात येते. वादळ येण्यापूर्वीच नावाडी नांगर तयार ठेवतो, तसेच हे आहे.

पश्चिम जावातील सूर्यालाया हे पेसांत्रेन या दृष्टीने प्रसिद्ध आहे. त्याच्या नावात आपला 'सूर्य' आहे. १९०५ साली स्थापन झालेली ही संस्था कादिरी-नक्शबंदी सूफी परंपरेतील आहे. तेथील प्रमुख अबाह अनोम (१९१५–२०११) यांच्याकडे व्यसनात अडकलेल्या तरुण मुलांना घेऊन आईवडील येत. या तरुणांसाठी त्यांनी 'इनाबाह' नावाची केंद्रे सुरू केली. उर्दूतील 'इनाबत' हा शब्द तुम्हांला माहीत असेल. अल्लाहकडे परत वळणे हा त्याचा अर्थ. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठून थंड पाण्याने स्नान, मग तहज्जुद, दिवसभरातील नमाज आणि जिक्र असा तेथील क्रम असतो. व्यसनी तरुणाला तेथे गुन्हेगार न समजता वाट चुकलेला माणूस समजतात. त्याला वाट दाखवता येते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

तथापि, एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. काही नशा एकदम सोडल्या, तर शरीराला धोका होतो. तेथे डॉक्टरांची मदत घ्यावीच लागते. तसेच झोप न येणे, अन्न नकोसे होणे, जगणे नकोसे वाटणे असे अनेक दिवस होत असेल, तर तो आजार असू शकतो. ताप आल्यावर आपण दुआ करतो आणि औषधही घेतो. औषध घेतल्याने दुआ कमी होत नाही. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कल करावे, ही शिकवण आपण सर्वांनी ऐकली आहे. मनाच्या आजारालाही ती लागू पडते.

इंडोनेशियातील शाळांमध्ये १९७५ च्या अभ्यासक्रमापासून मार्गदर्शन व समुपदेशन यांना स्थान मिळाले. ज्या पेसांत्रेनमध्ये अशा शाळा आहेत, त्यांपैकी अनेक ठिकाणी आता समुपदेशनाचे शिक्षण घेतलेले गुरू असतात. मानसशास्त्र शिकलेला गुरू आणि कियाई एकमेकांशी बोलू लागले, की मुलाचा दुहेरी फायदा होतो. एकाला मनाचे आजार ओळखता येतात. दुसऱ्याच्या शब्दावर मुलाची श्रद्धा असते.

पण श्रद्धेबरोबर जबाबदारीही येते. ज्याच्यावर मुले डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याने तो विश्वास मोडला तर जखम फार खोल होते. इंडोनेशियात काही निवासी शाळांतून मुलांचा छळ झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. त्यामुळे १९४६ पासून चालत आलेल्या त्या देशाच्या धार्मिक व्यवहार खात्याने २०२२ साली आपल्या अखत्यारीतील शिक्षणसंस्थांसाठी लैंगिक अत्याचार रोखण्याचे नियम केले. अदब म्हणजे मोठ्यांचा आदर. परंतु मोठ्यांनी केलेला अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे अदब नव्हे. हे सांत्रींनाही आता शिकवले जाऊ लागले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण वसतिगृहात राहत असतील. काही जण घरी राहूनही मनातून एकटे असतील. मन जड झाले, की नमाजीत उभे राहा, दुआ करा. त्याने मनाला बळ मिळते. आणि त्या बळावर उठून एखाद्या विश्वासू माणसाकडे जा. ती तुमची आई असेल, खाला असेल, बाजी असेल किंवा शाळेतील उस्ताद असतील. पहिल्या माणसाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. आपल्या देशात संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आणि कधी तुमच्याच शेजारच्या अंथरुणावरून दबलेला हुंदका ऐकू आला, तर पाठ फिरवून झोपू नका. फार मोठे शब्द लागत नाहीत. "काय झालं?" एवढे विचारले, तरी पुष्कळ होते.

शब्दार्थ

निवासी शाळा – जेथे राहून शिकता येते अशी शाळा
समुपदेशन – अडचणीतील माणसाचे ऐकून त्याला योग्य वाट शोधायला मदत करणे
हुंदका – रडताना येणारा दाटलेला आवाज, हिचकी
विरह – ताटातूट, जुदाई
कमकुवत – दुबळे, कमजोर
शिष्टाचार – चांगले वागण्याच्या रीती, आदाब
खळबळ – अस्वस्थता, बेचैनी
नांगर – जहाज एका जागी थांबवणारे लोखंडी साधन, लंगर
अखत्यारीतील – अधिकाराखालील
छळ – त्रास, जुलूम

वाक्प्रचार

मन मोकळे करणे – मनातील सर्व सांगून टाकणे
वाचा बसणे – बोलता न येणे
उघडकीस येणे – लपलेली गोष्ट सर्वांना कळणे
पाठ फिरवणे – मदत न करता दुर्लक्ष करणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेसांत्रेनमधील विद्यार्थ्याला काय म्हणतात?
(आ) गोंतोरच्या संस्थापकांपुढे भारतातील कोणत्या दोन संस्थांचा आदर्श होता?
(इ) अल-बल्खी यांनी मनाची कोणती दुखणी सांगितली?
(ई) 'इनाबत' या शब्दाचा अर्थ काय?

प्रश्न २. जोड्या लावा.
'अ' गट: (१) तेबुइरेंग (२) गोंतोर (३) सूर्यालाया
'ब' गट: (क) १९०५ (ख) १८९९ (ग) १९२६

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सोरोगान पद्धतीमुळे उस्तादांना मुलाची अडचण कशी कळते?
(आ) इमाम गझाली यांनी गुरूची तुलना हकिमाशी का केली?
(इ) मनाच्या आजारात दुआ आणि औषध दोन्ही का हवीत?

प्रश्न ४. कारणे लिहा.
(अ) उस्तादांनी त्या मुलाची खोली बदलली.
(आ) 'हे सोसणं म्हणजे सब्र नव्हे,' असे उस्ताद म्हणाले.

प्रश्न ५. वरील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

प्रश्न ६. खालील शब्दांचे अनेकवचन लिहा.
बेट, खोली, गोष्ट, मुलगा, जखम

प्रश्न ७. पाठातील उर्दूशी मिळतेजुळते दहा शब्द शोधा. त्यांचे अर्थ मराठीत लिहा.

उपक्रम : वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला करमावे म्हणून तुम्ही काय काय कराल, त्याची यादी गटात चर्चा करून तयार करा.